पुन्हा येऊ नका

निघताना ‘जातो’ असं कोणी म्हणत नाही. कायमचा मुक्काम हलवणारा माणूसही ‘येतो हं’ म्हणूनच पायऱ्या उतरतो आणि घरातले ‘या’ म्हणतात. त्या गॅरेजमध्ये मात्र ही रीत उलटी होती. कुबड्या, वॉकर नाहीतर कमोडची खुर्ची परत देऊन निघालेला माणूस चुकून ‘येतो’ म्हणाला, की आतून आत्यांचा खणखणीत आवाज यायचा, “जातो म्हणा, जातो! आणि पुन्हा येऊ नका!”

नवखा माणूस दचकायचा. मग वहिनी लगबगीने पुढे होऊन समजूत घालायच्या. ही आजाऱ्यांच्या सामानाची जागा आहे हो, इथली पायरी पुन्हा चढायची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. मग माणूस हसायचा. एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही यायचं. आसपासच्या सगळ्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं, की कोपऱ्यावरचा औषधवालाही पथ्यपाणी सुटलेल्या गिऱ्हाइकाला शेवटची गोळ्यांची पट्टी देताना म्हणायचा, “आत्यांच्या भाषेत सांगतो, पुन्हा येऊ नका.”

आत्या आणि वहिनी नात्याने नणंद-भावजय. आत्या सगळ्या रस्त्याच्या आत्या आणि वहिनी सगळ्या रस्त्याच्या वहिनी. त्यांची खरी नावं फक्त बँकेला माहीत असावीत. आत्या म्हणजे एक घाव दोन तुकडे. वहिनी त्या तुकड्यांना जोड देत हिंडणाऱ्या. अशा दोघींनी मिळून एक संस्था चालवली, तीही इतकी वर्षं, ह्याचं लोकांना नवल वाटायचं. संस्था हा शब्द जरा भारीच होता म्हणा. एक गॅरेज, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या आणि दारावर हाताने रंगवलेली पाटी, एवढीच ती संस्था.

सुरुवात झाली वहिनींच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या आईच्या, खुब्यापासून. त्या न्हाणीघरात घसरल्या आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळल्या. घरात एकेक वस्तू येत गेली. आधी बेडपॅन, मग हवेची गादी, मग वॉकर, मग चाकाची खुर्ची. सासूबाई अशा जिद्दीच्या, की वॉकर ढकलत ढकलत एक दिवस तो सोडून स्वयंपाकघरात आल्या आणि वहिनींनी चिरलेली भाजी पाहून म्हणाल्या, “एवढी जाड?” घरात आनंदीआनंद झाला. आता एवढं सामान ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडेपर्यंत समोरचा शिंपी वॉकर मागायला आला, त्याच्या बहिणीचा पाय मोडला म्हणून. मग शाळेच्या शिक्षिका गादी मागायला आल्या. मग कोण कोण येत राहिलं. वहिनींचे यजमान, म्हणजे आत्यांचा पाठचा भाऊ, ज्यांना आत्या म्हातारपणीही ‘धाकटा’ म्हणत, ते एका संध्याकाळी म्हणाले, “आपल्या घरातून वस्तू जाते तेव्हा आपण आणखी दोन का नाही आणून ठेवत?” बोलायला काय जातंय, असं आत्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात जाऊन घासाघीस करून आल्या.

रस्त्याच्या टोकाला डॉक्टरांचा बंगला होता. त्यांनी मोटार विकली होती आणि गॅरेज रिकामं पडलं होतं. “मला ती जागा पाहून मोटारीची आठवण येते,” ते म्हणाले, “तुमचं सामान तरी भरा.” तसं ते गॅरेज भरलं. जमिनीवर तेलाचा जुना डाग होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. वहिनींनी त्यावर चाकाच्या खुर्च्या उभ्या केल्या. चाकं तिथेच शोभतात, असं धाकटा म्हणायचा.

वहिनींना आता डोळे मिटले की ती सुट्टीच्या दिवसाची दुपार दिसायची. हवेच्या गाद्या परत यायच्या त्या हमखास भोक पडून. धाकटा मोठ्या टबात पाणी भरायचा, गादीची एकेक नळी पाण्याखाली दाबायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचा. सापडलं की लहान पोरासारखा ओरडायचा. मग सायकलच्या दुकानातून आणलेलं ठिगळ चिकटवायचा. आत्या शेजारी बसून कुबड्यांची झिजलेली रबरं बदलायच्या आणि भावाला टोमणे मारायच्या. वहिनी चादरी वाळत घालायच्या. चहा व्हायचा. डॉक्टर वरच्या खिडकीतून हाक मारायचे, “माझा कप कुठे आहे?” त्या दिवसांत वहिनींना कधी असं वाटलं नाही, की आपण काही मोठं काम करतोय. नुसतं बरं वाटायचं. असं बरं वाटणं पुढे किती महाग होतं, ते तेव्हा कोणाला कळतं!

मग धाकटा गेला.

त्याला काही दिवस छातीत जड वाटत होतं. वहिनींनी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं, त्याला तपासायलाही घेऊन गेल्या होत्या. औषधं चालू होती. पण धाकट्याने बजावलं, “ताईला सांगू नकोस. ती घर डोक्यावर घेईल.” वहिनींनी ऐकलं. नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा? आणि मग सांगायला वेळच राहिला नाही. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तू वेळेवर डॉक्टरांना बोलावलं असतंस तर माझा भाऊ आज असता.”

वहिनींनी ‘नेलं होतं’ असं म्हणायला तोंड उघडलं. पण त्या शब्दांच्या आधी राग बाहेर पडला. आयुष्यात कोणाला उलटून न बोललेल्या वहिनी म्हणाल्या, “माझ्या घरात माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही!”

आत्या जिना चढून वरच्या आपल्या खोलीत गेल्या. स्वतःचा नवरा गेल्यापासून त्या तिथेच राहत होत्या, भावाच्या घरात. सासूबाईही आधीच गेल्या होत्या, आता ते भावजयीचं घर झालं होतं. वहिनींना वाटलं, सकाळी ठीक होईल. सकाळी काही ठीक झालं नाही. दुपारीही नाही. आठवड्याने वहिनी मन घट्ट करून गॅरेजवर गेल्या, तर आत्या आधीच तिथे बसलेल्या.

“त्या घड्याळवाल्याकडचा वॉकर आलाय,” आत्या नेहमीसारख्या म्हणाल्या. “एका पायाचं रबर गेलंय. तू चादरी मोजून ठेव, मी रबर बघते.”

वहिनी बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्या ‘माझ्या घरात’ म्हणाल्या होत्या. गॅरेज काही त्यांचं घर नव्हतं.

आत्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि दुसऱ्याने घातलेला शब्दही त्या तितक्याच काटेकोरपणे पाळायच्या. घराच्या फाटकापर्यंत बोलायचं, फाटकाच्या आत अवाक्षर नाही. दोघी रोज बरोबर परतायच्या. वाटेत भाजीवाल्याच्या भावावरून, कोणाच्या सुनेवरून, हवेवरून बोलणं चालायचं आणि फाटकाशी आलं की आत्यांचं वाक्य तिथेच तुटायचं. “तो मेला वायरमन सांगत होता की...” एवढं म्हणून आत्या फाटक ढकलायच्या आणि जिना चढून जायच्या. वायरमन काय सांगत होता, ते दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळायचं. आत्यांची चूल वर, वहिनींची खाली. वहिनींना कितीदा वाटलं, जिन्याशी उभं राहून म्हणावं की झालं गेलं विसरा. पण मग ते दारातलं वाक्य आठवायचं आणि त्या माघारी वळायच्या. आणि खरं सांगायचं तर गॅरेज होतं ना! सकाळ झाली की बोलता येत होतं. माणूस अर्ध्या भाकरीवरही वर्षानुवर्षं काढतो.

म्हणून डॉक्टर गेले आणि त्यांच्या मुलीने बंगला विकायला काढला, तेव्हा वहिनींना जी काळजी लागली ती नुसती खुर्च्या-वॉकरांची नव्हती. मुलगी भली होती. “काकू, नव्या जागेची सोय होईपर्यंत मी थांबते,” म्हणाली. पण किती थांबणार?

तेवढ्यात एक संधी चालून आली. नगरपालिकेने छोट्या संस्थांसाठी एक इमारत बांधली होती. तिथे खोल्या मिळणार होत्या, जवळजवळ फुकट. त्याआधी एक मार्गदर्शन सभा झाली. दोघी गेल्या. एका तरुण गृहस्थांनी पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून ‘क्षमतावृद्धी’, ‘संसाधनांची जोडणी’, ‘संधींचे नकाशे’ असं बरंच काही सांगितलं. “तुमचं पाच वर्षांनंतरचं स्वप्न काय?” असं त्यांनी आत्यांना विचारलं.

“पाच वर्षांनी मी जिवंत असणं,” आत्या म्हणाल्या.

सभा हसली. शेजारी बसलेले वाचनालयवाले आजोबा वहिनींच्या कानाशी कुजबुजले, “भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय.” पण शेवटी कामाचं तेवढं कळलं. खोली तळमजल्यावर, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सामानाला मोठी फडताळं, पाणी, दिवे. वहिनींना वाटलं, धाकटा असता तर टब कुठे ठेवायचा ते आत्ताच ठरवून मोकळा झाला असता. फक्त एक अट होती. जागा कमी आणि संस्था फार, म्हणून पुढच्या दालनात प्रत्येक संस्थेला एक टेबल आणि एकच खुर्ची. संस्थेचा माणूस एका वेळी एकच. पाळ्या लावून बसायचं.

ही अट वहिनींनी ऐकली. आत्यांनीही ऐकली, त्यांचे कान शाबूत होते. परतताना त्या अटीचा विषय कोणीच काढला नाही. आत्या फडताळांबद्दल बोलत राहिल्या आणि वहिनी हं-हं करत राहिल्या. ज्या बोलण्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, ते ‘जाऊ नये’ असं म्हणायचं तरी कसं? वहिनींनी अर्ज भरला. सामानाला छप्पर हवं होतं. कोणाचा ना कोणाचा पाय रोज मोडतच होता.

मग पाहणी ठरली. नगरपालिकेच्या अधिकारी बाई स्वतः आल्या. मध्यम वयाच्या, हसऱ्या, पायात साध्या चपला. नाक मुरडणं नाही की घड्याळ बघणं नाही. त्यांनी दवाखान्यातल्यासारख्या खाटेचा दांडा फिरवून पाहिला, डोक्याकडची बाजू वर उचलली गेली तेव्हा त्यांना मजा वाटली. ठिगळं लावलेली गादी हाताने दाबून पाहिली. “ही कोणी दुरुस्त केली?” असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, “ह्यांनी,” आणि गादीवरची चादर नीट केली. बाईंनी पुढे विचारलं नाही. आत्या सगळा वेळ आपल्या खुर्चीवर बसून होत्या. हातात कुबडी, तोंडाला कुलूप. आत्या गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय, हे वहिनींना तेव्हाच कळायला हवं होतं.

“छान काम आहे तुमचं,” शेवटी बाई म्हणाल्या. “माझ्याकडून काही अडचण नाही. बरं, येते मी.”

“जाते म्हणा,” आत्या म्हणाल्या. “आणि पुन्हा येऊ नका.”

नेहमीचेच शब्द. पण नेहमी त्या शब्दांच्या मागे आत्यांचं हसू असायचं, ते ह्या वेळी नव्हतं. कोणाच्या तोंडावर दार आपटावं तसे ते शब्द आपटले. बाईंचा चेहरा उतरला. वहिनी समजवायला धावल्या, पण त्यांच्या नि दाराच्या मधे ती वर उचललेली खाट होती. तिला वळसा घालून त्या रस्त्यावर पोचेपर्यंत बाई कोपरा वळून गेल्या होत्या.

“काय केलंत हे, वन्सं?” वहिनी परत येऊन म्हणाल्या.

“रोज करते तेच केलं. जिभेला सवय आहे.”

“सवय नाही ही. मी तुम्हाला आज ओळखते का? तुम्ही मुद्दाम बोललात.”

“मुद्दाम कशाला बोलेन? मला काय वेड लागलंय?”

“मग तोंड का लपवताय?”

खाई त्याला खवखवे. आत्या उठल्या, गॅरेजचं दार ओढलं, कुलूप घातलं आणि चालू लागल्या. वहिनी मागोमाग. रस्ताभर वहिनी बोलत होत्या. चाळीस घरांचं सामान उघड्यावर पडेल, डॉक्टरांच्या मुलीला काय तोंड दाखवू, ह्यांनी एवढं उभं केलं ते तुमच्या एका वाक्याने जाणार. शिंप्याने मशीन थांबवून पाहिलं. वहिनींचा चढलेला आवाज त्या रस्त्याने कधी ऐकला नव्हता.

“ऐक,” आत्या शेवटी थांबून म्हणाल्या. “तुला ऐकायचंच आहे ना? मी त्या बाईला तसं म्हणाले, कारण...”

आणि फाटक आलं. आत्यांचा हात कडीवर गेला, तोंड मिटलं. त्या आत शिरल्या आणि जिना चढून गेल्या.

त्या खोलीचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव तिकडेच अडकून राहील. खोली मिळाली. अधिकारी बाई रागाने कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथे डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबल्या आणि औषधवाल्याला म्हणाल्या, इथल्या आत्या फार फटकळ दिसतात. औषधवाला पोट धरून हसला. त्याने त्यांना त्या वाक्याचा इतिहास-भूगोल सगळा सांगितला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या मंजुरी लिहिली म्हणतात. आत्यांचा नेम आयुष्यात पहिल्यांदा चुकला. पण हे दोघींना कळायला आठवडा जायचा होता. त्या संध्याकाळी वहिनी फाटकाशी उभ्या होत्या आणि त्यांना फक्त एवढंच ठाऊक होतं, की आता सगळं संपलं.

‘कारण’. एवढाच शब्द त्यांच्याजवळ राहिला होता. उद्यापर्यंत थांबायचं? रोज थांबतच आलो होतो की. वायरमनची गोष्ट थांबली, शेजारणीची थांबली. पण हा शब्द काही थांबेना. वहिनी घरात गेल्या. हातपाय धुतले. चहाचं आधण ठेवलं आणि विझवलं. मग त्या जिन्याशी आल्या. धाकटा गेल्यापासून त्या हा जिना चढल्या नव्हत्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी कठड्याला धरलं आणि एकेक पायरी चढत वर गेल्या.

आत्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दिवा न लावता. खोलीत एक पलंग, एक चूल, खिडकीत धाकट्याचा फोटो. वहिनींना वाटलं होतं, वर काहीतरी कडक, नीटनेटकं असेल. तिथे एकटेपणाशिवाय काही नव्हतं, आणि ते आपण त्यांना दिलं, ह्या विचाराने वहिनींना भडभडून आलं.

“वन्सं, बोला,” त्या म्हणाल्या.

आत्यांनी मान हलवली. नाही.

“मी म्हटलं होतं ना, माझ्या घरात बोलायचं नाही म्हणून? ते मी मागे घेते. चुकलं माझं. हे घर तुमचंही आहे. आधी तुमचं, मग माझं. आता बोला.”

आत्यांनी वहिनींकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत कोणाशी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे आवाज घोगरा निघाला.

“एकच खुर्ची देणार होते ते,” त्या म्हणाल्या. “एक दिवस तू बसणार, एक दिवस मी. मग मी तुझ्याशी बोलणार कुठे?”

वहिनी मटकन पलंगावर बसल्या. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. “अहो, मग हे मला सांगायचं ना! एवढ्या सामानावर पाणी सोडायला निघालात?”

“सामानाचं बघितलं असतं काहीतरी. सामानाला सगळे जागा देतात.” आत्या थांबल्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं. “आणखी एक आहे. तू डॉक्टरांना दाखवलं होतंस. धाकट्याला घेऊन गेली होतीस.”

वहिनींचं हसू थांबलं. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“डॉक्टरांनीच. तो गेला त्याच महिन्यात. म्हणाले, ‘बहिणीला सांगू नका’ अशी त्यानेच शपथ घातली होती. तुझा काही दोष नव्हता. मी उगाच बोलले. फार वाईट बोलले.”

“त्याच महिन्यात?” वहिनी म्हणाल्या. “एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं? रोज आपण गॅरेजमध्ये शेजारी शेजारी बसत होतो, वन्सं. जगातलं सगळं बोलत होतो. मग तिथे का नाही सांगितलंत?”

“घरात बोलले होते,” आत्या म्हणाल्या. “घरातलं बोलणं घरातच येऊन मागे घ्यायला हवं. ते काय कमोडच्या खुर्च्यांमध्ये बसून सांगायचं होतं? आणि घरात तर तू बोलायला बंदी केलेली.”

खाली रस्त्यावर शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं. वहिनी आत्यांचा हात धरून बसून राहिल्या. त्यांना खूप काही विचारायचं होतं, सांगायचं होतं, धाकट्याचं शेवटचं काय काय, सगळं. पण शब्द म्हणून फुटेना.

आत्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

“आता तू का गप्प?” त्या म्हणाल्या.